लान्सफील्ड वर्गीकरण

रक्तविलयक (तांबड्या रक्तपेशी फोडणाऱ्या) स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंची, त्यांच्या पेशीभित्तिकेतील कर्बोदकावरून केलेली गटवारी. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड (१८९५–१९८१) यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करताना ती १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. घसादुखी, विसर्प (त्वचेचा लालसर दाह), सूतिकाज्वर (बाळंतपणानंतरचा ताप), संधिज्वर (सांधे सुजवणारा व हृदयाच्या झडपा बिघडवणारा ताप) यांच्या अभ्यासाचा पाया आजही हीच गटवारी आहे.

साखळीत राहणाऱ्या या जीवाणूंचे वर्णन बिलरोट यांनी १८७४ मध्ये केले होते. शॉटम्यूलर यांनी १९०३ मध्ये त्यांना रक्तमिश्रित आगरावर (जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) वाढवून वसाहतीभोवतीचे वलय पाहिले. ब्राउन यांनी १९१९ मध्ये या वलयांना आल्फा, बीटा, गॅमा अशी नावे दिली; बीटा म्हणजे रक्तपेशी पूर्ण फुटून पडलेले स्वच्छ वलय. पण गाईच्या कासेतला जंतू आणि मुलाच्या घशातला जंतू, दोन्ही बीटा वलय देऊ शकतात. निव्वळ वलयावरून भेद होत नव्हता.

लान्सफील्ड यांची पद्धत साधी होती. जंतूंचा साका विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, थंड करून गाळ खाली बसवायचा, वरचे द्रव उदासीन करायचे आणि सशाच्या प्रतिरक्तद्रवाशी (त्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाशी) केशनळीत त्याची गाठ घालायची. गट जुळला तर दोन द्रवांच्या सीमेवर पांढरी रेघ उमटते. माणूस, जनावरे, दूध व चीज यांतून मिळवलेले १०६ विभेद (जंतूंचे वाण) त्यांनी अशा रीतीने पाच गटांत लावले. मानवी रोगांचे बहुतेक जंतू ए गटात आले, गाईंच्या कासदाहाचे बी गटात. बी गट पुढे नवजात अर्भकांच्या जंतुदोषाचे एक प्रमुख कारण ठरला. डी गटातील काही जातींसाठी १९८४ मध्ये एन्टेरोकॉकस ही वेगळी प्रजाती मानली गेली. न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जंतू) या गटवारीत बसत नाही.

ए गटाच्या अंतर्गत प्रकारांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. रॉकफेलर संस्थेतील एव्हरी व डोशे यांच्यासह लान्सफील्ड यांनी १९१९ मध्येच चार प्रकार वेगळे केले होते. एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्यूमोकॉकसची प्रकारविशिष्टता कर्बोदकात असल्याचे दिसून आल्याने येथेही तसेच असेल, असा कयास होता. लान्सफील्ड यांनी १९२८ मध्ये दाखवले, की येथे प्रकार ठरवणारा घटक प्रथिन आहे; तेच एम प्रथिन. लंडनमध्ये जीवाणुशास्त्रज्ञ ग्रिफिथ काचपट्टीवरील समूहन (प्रतिरक्तद्रवाने जंतूंच्या गुठळ्या होणे) पद्धतीने प्रकार ठरवत होते आणि दोघांचे निष्कर्ष सर्वत्र जुळत नव्हते. समूहनात टी हे दुसरे प्रतिजनही (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात असा घटक) भाग घेते, हे स्पष्ट झाल्यावर त्या विसंगतीचा बराच उलगडा झाला. संरक्षक प्रतिकारशक्ती एम प्रथिनाविरुद्ध येते, टीविरुद्ध नव्हे. म्हणून लान्सफील्ड यांची मांडणी रोगाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची मानावी लागते. आता हे प्रकार जनुकक्रमावरून ठरवतात व त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून सहसा वाचवत नाही; एकाच मुलाचा घसा पुन्हा पुन्हा धरतो तो यामुळे. लस अद्याप वापरात आलेली नाही.

संधिज्वर घशातूनच येतो की त्वचेवरील पुवाळलेल्या फोडांतूनही, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकन संशोधक वॉनमेकर यांच्या मते हृदयाशी नाते फक्त घशाचे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींवर काम करणाऱ्या कॅरापेटिस, करी आदी संशोधकांनी त्वचेचा मार्ग शक्य मानला आहे. घशाच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे, मात्र दुसरी शक्यता निकालात निघालेली नाही. फोडांनंतर मूत्रपिंडदाह होतो, याबद्दल दुमत नाही.

संधिज्वर उष्ण प्रदेशांत विरळ असतो, हा समज भारतात फार काळ टिकला. सुजॉय रॉय, रामलिंगस्वामी आदींनी १९६३ मध्ये कोवळ्या वयातील हृदयाची झडप आकसण्याचे वर्णन केल्यावर येथील रोगाचे तीव्र रूप जगापुढे आले. मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १९५६ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) झाली. तेथील ‘घाटी’ रुग्णालय आणि सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला निघालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे अशा रुग्णांचे मोठे आधार होत.

संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला बेन्झाथीन पेनिसिलीनची सुई (२७ किलोंवरील वजनास १२ लाख एकक) दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बीड भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात ती उन्हाळ्यातच परततात. सुईची साखळी नेमकी तेव्हा तुटण्याचा धोका असतो. पाचटाच्या कोपीत दाटीने झोपणे जंतूच्या प्रसारालाही पोषक. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुढील सुईची तारीख व औषधाची मात्रा मराठीत ठळक लिहून देणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

लहान दवाखान्यांत गट ठरवण्याची सोय क्वचितच असते. भिस्त रक्तातील एएसओ (अँटिस्ट्रेप्टोलायसिन-ओ, म्हणजे जंतूच्या एका विषाविरुद्धची प्रतिपिंडे) चाचणीवर राहते. ही चाचणी टॉड यांच्या १९३२ च्या कामातून आली. तिचा वाढलेला आकडा जंतुदोष अलीकडे होऊन गेल्याचे सुचवतो, संधिज्वर झाल्याचे नव्हे. गुडघा दुखतो आणि आकडा वाढलेला आहे, एवढ्यावर मुलाला वर्षानुवर्षे सुया टोचणे अयोग्य होय. निदान १९४४ च्या जोन्स निकषांच्या (संधिज्वर ओळखण्यासाठीच्या लक्षणांच्या यादीच्या) सुधारित (२०१५) रूपावरच व्हावे. ए गटाचे जंतू पेनिसिलीनला आजही दाद देतात, एरिथ्रोमायसीन या दुसऱ्या प्रतिजैविकाला मात्र सर्वत्र देत नाहीत.