किल -९ मारलं तरी मरत नाही? अहो, तो आधीच मेलाय!

लिनक्स-युनिक्सच्या टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) काम करणाऱ्या बऱ्याच जणांना एक खोड असते, प्रोग्राम जरा लटकला की घातलाच किल -९, म्हणजे तो जबरदस्तीने बंद करायची कमांड. मलाही होती. एकदा रात्री डेटा भरणारी एक स्क्रिप्ट अडकली, मी -९ घातला आणि मस्त झोपलो, सकाळी बघतो तर ती परत सुरूच होईना, म्हणते मी आधीच चालू आहे, आणि पीएस (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारून बघावं तर तिचा पत्ता नाही. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की तिची लॉक फाइल, म्हणजे 'मी चालू आहे' अशी खूण म्हणून ठेवलेली फाइल, तशीच पडलीय. जाताना ती पुसायचं काम स्क्रिप्टचंच होतं, पण मी तिला तेवढा वेळ दिलाच कुठे!

मुळात किल हे नावच फसवं आहे. ही कमांड कुणाला मारत नाही, ती फक्त निरोप पाठवते, त्याला सिग्नल म्हणतात आणि प्रत्येक सिग्नलला एक नंबर असतो. नुसतं किल आणि पुढे पीआयडी, म्हणजे त्या प्रोसेसचा (चालू असलेल्या प्रोग्रामचा) नंबर, एवढंच टाकलं तर १५ नंबरचा सिग्नल जातो, ज्याचा अर्थ 'बाबा रे, आता आवरतं घे'. मग नीट लिहिलेला प्रोग्राम फाइली बंद करतो, तात्पुरता पसारा पुसतो आणि जातो (काही जण हा निरोप सरळ कानाआडही करतात, तशी परवानगी आहे त्यांना). कंट्रोल सी दाबता तेव्हा जातो तो २ नंबर. १ नंबरची गोष्ट मला फार आवडते, त्याचं नाव हँगअप, म्हणजे फोन ठेवला. पूर्वी लोक मोडेम लावून फोनच्या लाइनवरून लांबच्या कॉम्प्युटरला जोडलेले असायचे, लाइन तुटली की त्या माणसाचे प्रोग्राम उगाच चालू राहू नयेत म्हणून हा सिग्नल. आज मोडेम गेले पण एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनवर नेटवरून केलेलं लॉगिन, तुटल्यावर तुमचं अर्धवट काम मरतं ते बहुतेक वेळा याच्यामुळेच, आणि लॉगिन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या नोहप या कमांडचं नावही यातूनच आलंय, नो हँगअप!

९ चं मात्र वेगळं आहे. तो निरोप प्रोग्रामच्या हातात पडतच नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, परस्पर प्रोग्रामचा कारभार आटोपतो. त्यामुळे प्रोग्रामला तो निरोप अडवता येत नाही, पण मागचं आवरताही येत नाही.

मग तरीही काही प्रोसेस ९ ला दाद का देत नाहीत? पीएसमध्ये स्टेटच्या खाली झेड दिसला आणि नावापुढे डिफंक्ट लिहिलेलं असलं की समजायचं, हा झोंबी. (कुस्तीतली झोंबी नव्हे, पिक्चरमधला चालता मुडदा.) युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला आईबाप असतो, कुणीतरी फोर्क केल्याशिवाय, म्हणजे स्वतःची नक्कल काढल्याशिवाय, नवीन प्रोसेस जन्माला येत नाही. पोर मेलं की कर्नल आईबापाला कळवतो, आणि पोर कसं गेलं, काम करून की एरर येऊन, तो आकडा त्यांच्यासाठी जपून ठेवतो. आईबापाने वेट नावाचा कॉल करून तो घेतला की नाव कटलं. नाही घेतला तर? आपल्याकडे माणूस जाऊन वर्षं होतात तरी घरच्यांनी दाखला नेऊन दिला नाही म्हणून रेशनकार्डावर नाव तसंच असतं ना, अगदी तेच. मेमरी गेली, सीपीयू गेला, उरली फक्त यादीतली एक ओळ. आता त्या ओळीला तुम्ही कितीही ९ मारा, मेलेल्याला काय मारणार!

उपाय म्हणजे आईबापाचा पीआयडी शोधायचा आणि त्यालाच रिस्टार्ट करायचं. तो गेला की अनाथ झालेली पोरं, मेलेली धरून, सहसा १ नंबरच्या प्रोसेसच्या पदरात पडतात, म्हणजे इनिट (मशीन चालू होताना सुरू होणारी पहिली प्रोसेस), आजकाल बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी, आणि तो इमानदारीत सगळ्यांची नावं कट करतो. एकदोन झोंबींनी काही बिघडत नाही, टॉप या कमांडमध्ये वरच त्यांचा आकडा दिसतो, घाबरून जाऊ नका. पण लिनक्सवर पीआयडीची जुनी मर्यादा ३२,७६८, ते नंबर झोंबींनीच अडवले तर फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालणार नाही. डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) हे जास्त होतं, कारण कंटेनरच्या आत १ नंबरवर बसतं तुमचं स्वतःचं अॅप, आणि त्याला बिचाऱ्याला दुसऱ्यांच्या मयताचं करायची सवयच नसते. म्हणून तर डॉकर रन या कंटेनर चालू करायच्या कमांडला इनिटचा ऑप्शन दिलाय, तो एक छोटा इनिट आधी बसवतो.

झोंबीच्या बरोबर उलटी अवस्था म्हणजे स्टेटच्या खाली दिसणारा डी. इथे प्रोसेस जिवंत आहे पण कर्नलच्या आत डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलसिस्टमची वाट बघत बसलीय, सहसा कुणाचंच ऐकत नाही, ९ चा निरोपसुद्धा बाहेर ताटकळत राहतो. लिनक्स अशांना लोड अॅव्हरेजमध्ये, म्हणजे मशीनवर किती कामाचा भार आहे त्या आकड्यात, मोजतो, त्यामुळे लोड ४० दिसतो आणि सीपीयू मात्र निवांत, नवीन माणूस पार चक्रावतो. इथे किलच्या नादी लागूच नका, डिस्क बघा, माउंट (जोडलेल्या फाइलसिस्टम) बघा, नाहीतर मग रीबूट.

मी आता आधी साधं किल मारतो, दहा सेकंद थांबतो, स्टेटचं अक्षर बघतो, मगच ९.

आणि हो, रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन किल -९ १ करून बघायची खाज सगळ्यांना येते. लिनक्सवर काहीच होत नाही, इनिटला कर्नलने तेवढं संरक्षण दिलंय. पण त्या १ च्या आधी चुकून डॅश पडला ना, तर अर्थ होतो 'इनिट सोडून सगळ्यांना', आणि मग तुमचं लॉगिनसुद्धा जागेवर राहत नाही.