एल आग्वा, पण एस्ता आग्वा: स्पॅनिश दर्शक शब्दांच्या लिंगवचनामागची गोष्ट

‘हा-ही-हे’ म्हणत वाढलेल्या माणसाला स्पॅनिशमधल्या ‘एस्ते-एस्ता’चे फारसे दडपण येत नाही. उलट एका बाबतीत आपली भाषाच जास्त ढिली आहे. विभक्ती लागली की मराठी दर्शके, म्हणजे हा-ही-हे असे बोट दाखवणारे शब्द, लिंग आणि वचन दोन्ही टाकून देतात: या मुलाला, या मुलीला, या घरांना. स्पॅनिशमध्ये ही सवलत नाही. मागेपुढे कोणतेही शब्दयोगी आले तरी एस्ते (हा), एस्ता (ही) आणि त्यांची अनेकवचने एस्तोस, एस्तास या चारांतले नेमके एकच रूप लागते. तरीही या नियमाला एक भोक आहे, आणि त्यातून खुद्द स्पॅनिश बोलणारेच रोज पडतात. वाद आहे तो तिथे.

लॅटिनचा भाग थोडक्यात. तिथे जवळचे, समोरच्याचे आणि दूरचे दाखवायला हिक, इस्ते, इल्ले अशी त्रिपदी होती. बोलीत ‘हिक’ झिजून गेले. त्याची जागा ‘इस्ते’ने घेतली, तर ‘इस्ते’ची जागा ‘स्वतः’ या अर्थाच्या ‘इप्से’ने. त्यातून आजचे एस्ते (हा) आणि एसे (तो, समोरच्याजवळचा) आले. ‘इल्ले’ला पुढे ‘हे बघ’ अशा अर्थाचा शब्द चिकटून आकेल (तो, दूरचा) तयार झाले. पुल्लिंगी एकवचन लॅटिनच्या कर्त्याच्या रूपातून आले, म्हणून त्याच्या शेवटी ‘ए’ आहे. अनेकवचन कर्माच्या रूपातून आले, म्हणून तिथे ‘ओस’. शिकणाऱ्याला ‘एस्ते’चे ‘एस्तोस’ कसे झाले हे कोडे वाटते, त्याचे उत्तर एवढेच आहे.

नपुंसकलिंगाची एस्तो, एसो, आकेयो ही रूपे उरली, पण त्यांना जोडायला नामच उरले नाही, कारण लॅटिनची नपुंसक नामे बाकीच्या दोन लिंगांत वाटली गेली. मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो तो इथे. ‘हे पुस्तक’ डोक्यात असते, म्हणून तोंडातून ‘एस्तो लीब्रो’ निघते. पाहिजे ‘एस्ते लीब्रो’. ‘एस्तो’ म्हणजे नाव न घेतलेली वस्तू, किंवा घडलेला सगळा प्रकार. त्याला अनेकवचन नाही.

आता पाण्याकडे. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, स्त्रीलिंगी. तरी उपपद (नामाआधी येणारा इंग्रजी ‘द’सारखा शब्द) लागते ‘एल’, जे एरवी पुल्लिंगी; स्त्रीलिंगी उपपद ‘ला’. पाठ्यपुस्तके सांगतात की दोन ‘आ’ एकत्र येऊ नयेत म्हणून ‘ला’चे ‘एल’ करतात. माझ्या मते हे स्पष्टीकरण अर्धवट आहे आणि पुढच्या सगळ्या गोंधळाला तेच जबाबदार आहे. येथे ‘ला’चे ‘एल’ झालेलेच नाही. लॅटिनच्या ‘इल्ला’पासून आधी ‘एला’ झाले. व्यंजनापुढे त्याचे पहिले अक्षर गळून ‘ला’ उरले, स्वरापुढे शेवटचा ‘आ’ गळून ‘एल’ उरले. म्हणजे हे ‘एल’ जन्माने स्त्रीलिंगीच आहे. पुल्लिंगी ‘एल’शी त्याचा चेहरा जुळतो इतकेच. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ते कोणत्याही स्वरापुढे यायचे, तलवारीलाही ‘एल एस्पादा’ म्हणत. पुढे त्याचे क्षेत्र आकसत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असलेल्या सुरुवातीच्या ‘आ’पुरते राहिले: आग्वा, आल्मा (आत्मा), आउला (वर्गखोली), आरेआ (क्षेत्र), आम्ब्रे (भूक). शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हे घडलेच नाही, म्हणून तिथे पाण्याबाबत असा पेच नाही.

ही वंशावळ बोलणाऱ्याला ठाऊक नसते. तो ‘एल आग्वा’ ऐकतो आणि सरळ हिशोबाने ‘एस्ते आग्वा’ म्हणतो. नियम सांगतो ‘एस्ता आग्वा’, ‘आकेया आउला’ (आकेया हे आकेलचे स्त्रीलिंग). २००५ मध्ये निघालेल्या अधिकृत शंकानिरसन कोशानेही हेच बजावले. तरी ‘एस्ते आरेआ’, ‘एस्ते आउला’ शिकलेल्यांच्या लेखनात सर्रास दिसतात आणि असे जोड जुन्या मजकुरांतही सापडतात. शिवाय नियम स्वतःच एकसारखा नाही. ‘एक’ या अर्थी ‘ऊन आग्वा’ सर्वमान्य, ‘काही’साठी ‘आल्गून’ आणि ‘कोणतेही नाही’साठी ‘निंगून’सुद्धा चालते, फक्त दर्शकांवर सोवळे. ‘ऊना’चा ‘आ’ पुढच्या स्वरात विरतो, ‘एस्ता’चा तसा विरल्याची परंपरा नाही, हे व्याकरणकारांचे कारण इतिहासाला धरून आहे. पण ते बोलणाऱ्याच्या कानाला पटावे अशी अपेक्षा जरा जास्तच. दुसरी बाजूही सांगायला हवी: ‘एस्ते’ला मोकळीक दिली की मागून ‘मूचा आम्ब्रे’ (खूप भूक) ऐवजी ‘मूचो आम्ब्रे’ येते, म्हणजे भूकच पुल्लिंगी होते. तशी ती कित्येकांच्या तोंडी झालेलीच आहे. अनेकवचनात मात्र सगळे शहाणे, ‘एस्तास आग्वास’ कोणी चुकत नाही, कारण तिथे उपपद ‘लास’ असते आणि फसवणारे ‘एल’ नसते.

या शतकात जास्त आरडाओरडा झाला तो दुसऱ्याच गोष्टींवर. नामाशिवाय एकटे आलेल्या ‘एस्ते’वर आघातचिन्ह द्यायचे की नाही, हा त्यातला एक. १९५९ पासूनच्या लेखननियमांत ते सर्वसाधारणपणे द्यायचे होते. १९९९ मध्ये फक्त अर्थाचा घोळ होईल तिथे. २०१० मध्ये तिथेही गरज नाही असे ठरले. नियम करणाऱ्या संस्थेतल्याच काही लेखकांनी तो मानला नाही. एस्तो-एसो-आकेयो या भांडणात कधीच नव्हते, ती नामासोबत येतच नाहीत.

दुसरा वाद स्त्री-पुरुष दोन्ही टाळणाऱ्या ‘ए’कारान्त रूपांचा. ब्युनॉस आयर्स शहराने २०२२ मध्ये शाळांच्या अध्यापनात आणि पालकांशी पत्रव्यवहारात ती वापरायला मनाई केली. दर्शकांपुरती त्यातली अडचण बंदीच्या आधीपासूनची आहे. अनेकवचनी ‘एस्तेस’ नवे घडवता येते, पण एकवचनात जी ‘ए’ तटस्थ म्हणून हवी ती ‘एस्ते’ने पुल्लिंगासाठी केव्हाच घेऊन ठेवली आहे.