स्पिडोला आणि जर्मेनियमचा पातळ थर

‘स्पिडोला’ हा पहिला सोव्हिएत ट्रान्झिस्टर रेडिओ, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. रिगा येथील व्हेफ कारखान्याने तो 1960 मध्ये आणला, त्याआधीच 1959 मध्ये ‘अत्मोस्फेरा’ हा संच आला होता. मात्र त्यावर फक्त दीर्घ आणि मध्यम लहरी लागत. लघुलहरी पकडणारा आणि मोठ्या संख्येने तयार झालेला पहिला सोव्हिएत ट्रान्झिस्टर संच, हे स्पिडोलाचे खरे श्रेय आहे.

हे श्रेय लहान नाही. मध्यम लहरींची वारंवारता 1.6 मेगाहर्ट्झच्या आसपास संपते, तर लघुलहरींच्या 25 मीटरच्या पट्ट्यावर ती सुमारे 12 मेगाहर्ट्झ असते. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी इंडियमचे थेंब वितळवून केले जात, त्यांतला एक थेंब एमिटर (वाहक सोडणारा), दुसरा कलेक्टर (ते गोळा करणारा), आणि त्या थेंबांच्या मध्ये उरलेला थर म्हणजे बेस. धन प्रभाराचे वाहक, म्हणजे होल, या थरातून भरकटत पलीकडे जातात आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी झाली की वेळ चौथाईवर येतो, आणि हा वेळ जितका कमी, तितकी जास्त वारंवारता ट्रान्झिस्टरला झेपते. पण थेंब आणखी खोल वितळू द्यावेत, तर ते एकमेकांना भिडून ट्रान्झिस्टर निकामी होतो.

विसरण पद्धतीने ही कोंडी फोडली. तापलेल्या जर्मेनियमच्या पृष्ठभागातून अशुद्धीचे अणू आत मुरू दिले की थराची जाडी तापमान आणि वेळ यांवरून ठरवता येते, त्यामुळे काही मायक्रोमीटरचा बेस साधतो. शिवाय या अणूंची दाटी एमिटरकडे जास्त आणि कलेक्टरकडे कमी राहते. या फरकातून थरातच विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते होलना पुढे रेटते. पी-401, पी-402 आणि पी-403 या सोव्हिएत ट्रान्झिस्टरांची वारंवारता-मर्यादा अनुक्रमे 30, 60 आणि 120 मेगाहर्ट्झ होती, ती याच पद्धतीमुळे.

स्पिडोलात 10 ट्रान्झिस्टर होते. तेव्हा जगभरच्या जाहिरातींत ट्रान्झिस्टरांचा आकडा मिरवला जाई आणि काही उत्पादक तो फुगवण्यासाठी निरुपयोगी ट्रान्झिस्टरही जोडत; संचाची गुणवत्ता या आकड्यावरून ठरत नाही. स्पिडोलाचा पट्टे बदलणारा फिरता ड्रमच पाहा: प्रत्येक पट्ट्याची वेटोळी त्याच्या स्वतंत्र पट्टीवर बसवलेली असत आणि मूठ फिरवली की हवी ती पट्टी संपर्कबिंदूंसमोर येई. जोडतारा आखूड राहिल्याने लघुलहरींना बाधक ठरणारी नकोशी धारिता कमी होई.

देशांतर्गत विक्रीच्या संचांत 25 मीटरपेक्षा आखूड लहरींचे पट्टे दिले जात नसत. 16 मीटरच्या पट्ट्यालाही 18 मेगाहर्ट्झच्या आतच काम भागते, म्हणजे पी-403 ला ते सहज झेपले असते. हे पट्टे वगळण्याचा निर्णय राजकीय होता.