जीपीआर म्हणजे महागडा केबल लोकेटर नव्हे

जमिनीत ड्रिल चालवण्यापूर्वी खालचे केबल-पाइप शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या अहवालात ‘स्कॅन केले, काही आढळले नाही’ एवढेच वाचायला मिळाले की ‘कशाने स्कॅन केले?’ असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर सहसा सापडत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी केबल लोकेटर आणि जीपीआर (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार) ही एकाच यंत्राची स्वस्त आणि महाग रूपे असतात.

लोकेटर बहुतेकांच्या परिचयाचा आहे. धातूच्या वाहिनीतून वाहणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र तो टिपतो, मग तो प्रवाह विजेचा 50 हर्ट्झचा असो वा ट्रान्समीटरने सोडलेला 33 किलोहर्ट्झचा. ट्रेसर वायर (शोधता यावे म्हणून सोबत पुरलेली तार) नसलेला प्लास्टिकचा पाइप त्याला कळत नाही.

जीपीआरला प्रवाहाशी देणेघेणे नाही. त्याच्या रेडिओलहरी जमिनीचे विद्युत गुणधर्म जिथे बदलतात तिथून परततात. त्यामुळे प्लास्टिकचा पाइपही दिसू शकतो आणि एखादा मोठा दगडही पडद्यावर पाइपासारखीच कमान उमटवतो. यंत्र फिरवलेल्या लागोपाठच्या समांतर रेषांवर तीच कमान पुढे सरकत गेली, तरच तिला वाहिनी म्हणावे.

खरी फसगत होते ती कोऱ्या पडद्याने. 400 मेगाहर्ट्झचा अँटेना कोरड्या वाळूत दोन-तीन मीटरपर्यंत पाहू शकतो, पण ओल्या चिकणमातीत किंवा खारट जमिनीत लहरी मीटरभराच्या आतच शोषल्या जाऊ शकतात. पडद्यावरची खोलीची पट्टी मात्र तीन मीटरची असली तर तीन मीटरच दाखवत राहते, कारण यंत्र खोली मोजतच नाही; ते लहर जाऊन परत येण्याचा वेळ मोजते आणि गृहीत धरलेल्या वेगाने त्याची खोली करते. वेग नॅनोसेकंदाला 10 सेंटीमीटर धरला, तर 20 नॅनोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी एक मीटरवरचा ठरतो. जमीन ओली असून प्रत्यक्ष वेग 6 सेंटीमीटर असेल, तर तोच पाइप 60 सेंटीमीटरवर, म्हणजे ड्रिलच्या वाटेतच असतो. त्यातून सॉफ्टवेअरमधील ‘गेन’ (क्षीण संकेत मोठा करून दाखवण्याचे प्रमाण) वाढवला की खालचा निव्वळ गोंगाटही मातीच्या थरांसारखा भरीव दिसू लागतो (रंगीत छपाईत तर फारच देखणा), आणि लहर जिथवर पोहोचलीच नाही तो भागही तपासल्यासारखा वाटतो.

म्हणून त्याच जागेवरच्या ठाऊक खोलीच्या पाइपावरून वेग ताडून पाहिला होता का आणि लहर प्रत्यक्षात किती खोल पोहोचली, हे ज्या अहवालात नाही तो मी स्वीकारत नाही. दोन्ही यंत्रे वापरावीत हे आहेच. पण ड्रिलच्या मार्गाला छेदणारी प्रत्येक वाहिनी हाताने खड्डा घेऊन किंवा व्हॅक्यूमने माती काढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये.