पार्श्वभूमी : संदर्भसूचीत सहाच नावे का?

वैद्यकीय जर्नलला शोधनिबंध पाठवायचा झाला की लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये ‘संदर्भ व्हँकुव्हर शैलीत द्यावेत’ हे वाक्य बहुतेक वेळा सापडतेच. पदव्युत्तर विद्यार्थी थिसिसपासूनच या शैलीला सरावतात. मजकुरात आकडा, शेवटी त्याच क्रमाने यादी, लेखकांची पहिली सहा नावे आणि पुढे ‘एट आल’, म्हणजे ‘आणि इतर’. बाकीचे नियम हाताला सवयीचे होऊन जातात. सहाच्या नियमापाशी मात्र थांबायला हवे. सेमीकोलनच्या जागी कॉमा पडला तर कोणाचे काही बिघडत नाही. सातवे नाव गळते तेव्हा एका माणसाचे काम नजरेआड होते.

फार मागे जाण्याचे कारण नाही. संदर्भ पूर्वी समासात किंवा तळटिपेत जात आणि ज्याची त्याची रीत वेगळी असे. १८८१ साली हार्वर्डमधल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर प्रदीर्घ निबंध लिहिला आणि त्यात मजकुरातच कंसात लेखकाचे नाव व वर्ष दिले. लेखक-वर्ष पद्धतीला हार्वर्डचे नाव चिकटले ते तिथून, असे मानले जाते. १९२९ साली मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या नियतकालिकांसाठी अवघ्या सात पानांच्या सूचना छापून आल्या. आज सामाजिक शास्त्रांत चालणारी जाडजूड नियमपुस्तिका त्यातूनच वाढली.

आपल्या विषयाचा खरा धागा १९७८ पासून लागतो. त्या वर्षी इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक छोटा गट कॅनडात व्हँकुव्हरला अनौपचारिकपणे भेटला. तो टाइपरायटरचा काळ होता. एका जर्नलने निबंध परत केला की दुसऱ्याच्या रीतीप्रमाणे अख्खी संदर्भसूची नव्याने टाइप करावी लागे. हा त्रास वाचावा म्हणून हस्तलिखित कसे असावे याच्या समान अटी ठरल्या आणि १९७९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा नमुना अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाकडून घेतला होता. हे ग्रंथालय वैद्यकीय निबंधांची छापील निर्देशसूची काढत असे, आणि तिथली काटकसर नमुन्यात स्पष्ट दिसते. नावापुढे आद्याक्षरे, पण टिंबे नाहीत. जर्नलचे नाव संक्षिप्त. वर्ष, सेमीकोलन, खंड, कंसात अंक, कोलन, पाने, आणि मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. शेवटचे पानसुद्धा आखडते: २१५-२२० असे न लिहिता २१५-२०.

लेखकांचा नियम सुरुवातीला असा होता : सहा किंवा कमी लेखक असतील तर सगळे द्या, सात किंवा जास्त असतील तर पहिले तीन द्या आणि एट आल लिहा. म्हणजे सहा जणांच्या निबंधात सगळ्यांची नावे, आणि सातवा सहकारी आला की एकदम चौघे बाहेर. १९९०च्या दशकात यात बदल झाला आणि तिनाऐवजी पहिली सहा नावे ठेवण्याचे ठरले. सुधारणा चांगलीच होती, पण सगळ्यांनी ती घेतली नाही. काही मोठ्या वैद्यकीय जर्नलांत आजही सहाच्या वर लेखक गेले की तीनच नावे राहतात. व्हँकुव्हर हे नाव एक असले तरी जर्नल बदलले की नियम बदलतो तो असा; मजकुरातला आकडाही कुठे कंसात, कुठे चौकटी कंसात, तर कुठे ओळीच्या वर चढवलेला असतो.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की संदर्भ हा मूळ निबंध शोधण्यापुरता असतो. त्याला पहिले नाव, वर्ष, खंड आणि पान पुरे. उद्धरणांची मोजणी, म्हणजे निबंधाचा संदर्भ किती जणांनी दिला याची गणती, हीही त्यावरच जुळते, त्यामुळे सातव्या लेखकाचे नुकसान होत नाही. शिवाय २०१५ साली भौतिकशास्त्रात ५,१५४ लेखकांचा एक निबंध आला. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या याद्यांनी भरली होती. हे सगळे संदर्भात कसे देणार?

मर्यादा कुठेतरी हवी हे मान्य. पण वैद्यकातला नेहमीचा निबंध पाच हजार जणांचा नसतो, आठ-दहा जणांचा असतो. पहिला निवासी डॉक्टर, शेवटचे गाईड आणि मध्ये प्रयोगशाळेतले, आकडेवारी पाहणारे, रुग्णांची नोंद ठेवणारे. सहाच्या कात्रीत गाईड आणि त्यांच्या आधीचे एक ते तीन जण जातात. मोजणी यंत्र करते, वाचणारा मात्र यादीच वाचतो, आणि या क्षेत्रात काम कोण करते हे त्याला त्या यादीवरूनच कळते. मानसशास्त्राच्या त्या जाडजूड नियमपुस्तिकेने २०१९ साली वीस लेखकांपर्यंत सगळी नावे द्यायला सांगितले आणि त्याहून जास्त असतील तर पहिली एकोणीस देऊन शेवटचे नाव राखले. वैद्यकात हे अशक्य आहे असे म्हणायला आधार नाही. ज्या ग्रंथालयाकडून नमुना घेतला, त्याने स्वतःच्या डेटाबेसमध्ये १९८४ पासून दहा आणि १९९६ पासून पंचवीस नावांची मर्यादा ठेवून पाहिली आणि २००० सालापासून ती काढूनच टाकली.

आद्याक्षरांचा नियम मराठी नावांना विशेष जाचक ठरतो. ‘जोशी एस पी’ यातला ‘पी’ वडिलांचा असतो. लग्नानंतर नाव बदलणारी संशोधक ‘काळे एस व्ही’ होते आणि यादीत दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. उलट ‘पाटील एस’ या एका नावाखाली किती तरी जण जमा होतात. २०१२ साली संशोधकांसाठी सोळा अंकी ओळख क्रमांक सुरू झाला, त्याने डेटाबेसमधला हा घोळ बराच निस्तरला. छापलेल्या संदर्भात मात्र तो क्रमांक नसतो. तिथे आडनाव आणि आद्याक्षरेच.

टाइपरायटरनंतरचा काळ संगणकाचा. २०००च्या आसपास निबंधांना डीओआय, म्हणजे इंटरनेटवर निबंध गाठून देणारा कायमचा क्रमांक, मिळू लागला आणि शोधण्याचे काम त्या एका क्रमांकाने भागू लागले. संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर आली: झोटेरो २००६ मध्ये आणि मेंडेली २००८ मध्ये. एका क्लिकवर शैली बदलता येऊ लागली. त्यांना लागणाऱ्या शैलींच्या खुल्या संग्रहात आज दहा हजारांहून अधिक शैली आहेत. व्हँकुव्हरला एकसारखेपणासाठी बसलेल्या संपादकांना हा आकडा पटला नसता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात संशोधकांनी एका निबंधाच्या फॉरमॅटिंगला लागणारा वेळ सांगितला, त्याचा मध्यक १४ तास निघाला. अशा तक्रारींमुळे बऱ्याच जर्नलांनी पहिल्या फेरीत कोणत्याही शैलीतले संदर्भ चालतील असे जाहीर केले, फक्त ते सगळीकडे एकसारखे हवेत. निबंध स्वीकारला गेला की सूची जर्नलच्या साच्यात बसवली जाते. वैद्यकीय जर्नलांच्या त्या साच्यात, जिथे तीनच नावांचा नियम नाही तिथे, बहुतेक ठिकाणी सहाचा आकडा अजून तसाच आहे.