अमेरिकी नागरिकत्वासाठीची नागरिकशास्त्र चाचणी

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला तिथल्या राज्यव्यवस्थेची आणि इतिहासाची प्राथमिक माहिती आहे की नाही, हे पाहणारी तोंडी चाचणी. नागरिकत्वाच्या मुलाखतीतच अधिकारी ती घेतो. इंग्रजी बोलणे, वाचणे, लिहिणेही त्याच वेळी तपासले जाते.

हे ज्ञान १९५० च्या कायद्याने सक्तीचे झाले. भारतीयांना मात्र मुळात अर्जाचाच हक्क मिळवावा लागला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ‘गोरे’ न मानता नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले.

२००८ पासून देशभर १०० प्रश्नांची यादी वापरात होती. त्यांतले १० विचारत आणि ६ उत्तरे बरोबर यावी लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी लागू आहे. त्यांतले २० पर्यंत प्रश्न विचारतात, उत्तीर्ण होण्यासाठी १२ बरोबर हवेत. नापास झाल्यास ६० ते ९० दिवसांत, ज्या भागात नापास झालो त्याची पुन्हा एक संधी मिळते. यादी उत्तरांसह सर्वांना खुली आहे, पण मुलाखतीत पर्याय दिले जात नाहीत. उत्तर आपल्या तोंडून यावे लागते.

म्हणूनच नुसत्या घोकंपट्टीपेक्षा व्यवस्था समजून घेणे फार उपयोगाचे. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद कायदा करते, राष्ट्राध्यक्ष तो नाकारू शकतो, न्यायालय तो घटनाबाह्य ठरवू शकते. एवढे पक्के झाले की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. भारतीय नागरिकशास्त्राची सवय इथे कधी मदत करते, कधी चकवते. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत, गोव्याची एक. अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये मात्र प्रचंड लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि चिमुकल्या लोकसंख्येच्या वायोमिंगलाही दोनच, म्हणून ५० राज्यांचे १०० सिनेटर. गव्हर्नरही आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, त्याला राज्यातले मतदार निवडून देतात. पदाधिकाऱ्यांची नावे मुलाखतीच्या दिवशी जी असतील तीच सांगायची, त्यामुळे जुन्या छापील पुस्तिकेवर विसंबू नये.

मुलांपाठोपाठ तिकडे स्थायिक झालेल्या आई-वडिलांना वयाची सवलत महत्त्वाची ठरते. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते. चाचणी दुभाष्यामार्फत मराठीतही देता येते. पासष्टी ओलांडलेल्या आणि २० वर्षे झालेल्यांना खुणा केलेले २० प्रश्नच अभ्यासायचे असतात. त्यांतले १० विचारतात, ६ बरोबर आले की पुरे. मराठीत उत्तरे देणाऱ्या आजी-आजोबांनी राज्यघटना, घटनादुरुस्ती, प्रतिनिधिगृह हे शब्द दुभाष्यासोबत आधीच ठरवून घ्यावेत. मुलाखतीत त्याला फक्त भाषांतर करता येते, उत्तर सुचवता येत नाही.