डोळे आले, कान ठणकतोय? ड्रॉप मागण्याआधी हे वाचा

आमच्या मेडिकल दुकानाकडून ग्राहकांसाठी

पाऊस लागला की खानापूर-बेळगाव पट्ट्यात काउंटरवर रिकामी बाटली ठेवली जाते. "दादा, हीच द्या, गेल्या वर्षी हिनंच गुण आला होता." परवा एका आजींनी सहा वर्षांच्या नातवासाठी आणलेली बाटली आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची निघाली. त्यात स्टिरॉइड होतं. आम्ही दिली नाही, आजी रागावून गेल्या. म्हणून हे पत्रक.

स्टिरॉइडनं लाली लगेच उतरते, म्हणूनच ते फसवं. नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल तर बुबुळावरची जखम त्यानं वाढते, आणि बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाब चढून काचबिंदू होऊ शकतो. असले ड्रॉप चिठ्ठीशिवाय द्यायला कायद्यानंही मनाई आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात घरोघरी डोळे आले होते, आठवत असेल. ती साथ बहुतेक विषाणूची असते. पाणी गळतं, डोळा लाल होतो, आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरं वाटतं. पिवळी-हिरवी चिकट घाण येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जिवाणूचा संसर्ग असू शकतो, तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात. नुसती खाज आणि शिंका असतील तर बहुधा अ‍ॅलर्जी. डोळे आलेल्याकडे बघून डोळे येत नाहीत. हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून येतात. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून डोळा पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मध, गुलाबपाणी, काजळ नको.

रांजणवाडीला कोमट शेक पुरतो, फोडू नका. पण डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर आमच्याकडे येऊच नका, थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. तिरळेपणा "मोठा झाला की जाईल" म्हणून सोडू नका. तिरळा डोळा वापरात न राहून त्याची नजर मंदावू शकते, त्याला आळशी डोळा म्हणतात. त्यावरचे उपचार वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर जास्त लागू पडतात.

आता कान. लहान मुलाची नाकातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सरळ कानात उतरते. रात्रभर ठणकणारा कान पहाटे अचानक शांत होतो आणि उशीवर पिवळा डाग दिसतो. पडदा फुटून पू बाहेर आला, म्हणून ठणका थांबला. नेमकं त्याच वेळी घरातलं कुणीतरी लसूण घालून कढवलेलं तेल आणतं. फुटलेल्या पडद्यातून ते आत जातं. तेल नको, बड नको, कान कोरडा ठेवा, अंघोळीला पाणी जाऊ देऊ नका, विहिरीत पोहणं बंद. दुखणं आणि ताप यांवर पॅरासिटामॉल चालतं, पण डोस वजनावर ठरतो, तेव्हा मुलाचं वजन विचारून या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त कान वाहिला तर ऐकू कमी येण्याची भीती असते. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. "लक्ष देत नाही" अशी बाईंची तक्रार आली तर आधी कान तपासा, मग रागवा. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना हा त्रास जास्त होतो. निपाणीकडच्या बापमंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

डोळ्यात ड्रॉप घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब, टोक टेकवायचं नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. कानाची बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, थंडगार थेंबानं चक्कर येते. कानाचे ड्रॉप डोळ्यात कधीच नाही. बाटल्या दिसायला सारख्या असतात. डोळ्याची बाटली फोडल्यावर साधारण चार आठवड्यांनी फेका.

अंगणवाडीत, सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम डोळे-कान मोफत तपासते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. चिठ्ठी आणलीत की कधी, किती थेंब हे आम्ही मराठीत किंवा कन्नडमध्ये खोक्यावर लिहून देतो. खोकं फेकू नका.